ईरम्माच्या घरात बोलणं दिसायचं

मित्रांनो, सोलापूरच्या पूर्व भागात एक दुमजली चाळ आहे. तिचा जिना चढून गेलात की डाव्या हाताला ईरम्माची खोली लागते. तिथे भिंतीवर टांगलेला जुना टीव्ही म्हणजे मी. माझ्या रिमोटचं मागचं झाकण हरवलं आहे, म्हणून त्याला रबर लावून ठेवलं आहे. मला काय वाटतं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारलं तरी मला नीट सांगता येणार नाही. जे घडलं ते मात्र सांगता येईल.

एका मोठ्या कारखान्यात मला जोडलं. हातमोजे घातलेल्या माणसांनी काच बसवली, तारा जोडल्या, मला एकदा लावून पाहिलं आणि खोक्यात बंद केलं. मग ट्रकचा लांबचा प्रवास झाला. खोकं उघडलं तेव्हा मी सोलापुरातल्या एका दुकानात होतो. तिथे माझ्यासारखे बरेच टीव्ही एका रांगेत लावले होते. आम्ही सगळे दिवसभर एकच निळा मासा दाखवत असू.

एका संध्याकाळी एक जोडपं आणि त्यांची शाळकरी मुलगी दुकानात आली. दुकानातल्या माणसाने माझा आवाज एकदम वाढवला.

"ऐका साहेब, आवाज ऐका! घरात थेटर असल्यागत वाटंल की नाही?"

"दादा, आवाजाचं राहू द्या," मुलगी म्हणाली. "चित्र कसं दिसतं ते सांगा."

"अगं, आधी तुझ्या वडलांना ऐकू दे की."

"ते ऐकत नाहीत."

"ऐकत नाहीत म्हणजे? मग तू समजावून सांग."

"तसं नाही दादा. माझ्या अव्वाला आणि अप्पांना ऐकू येत नाही. दोघांनाही. लहानपणापासून."

त्या माणसाचा चेहरा उतरला. त्याने घाईघाईने माझा आवाज अगदी बारीक केला. अप्पांनी माझ्या काचेवरून एकदा बोट फिरवलं, मागच्या बाजूला तळहात लावून पाहिला आणि मान डोलावली. त्याच संध्याकाळी मी या खोलीत आलो.

अप्पा म्हणजे सिद्धराम, अव्वा म्हणजे ईरम्मा, आणि मुलगी शिवलीला. सिद्धराम टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करायचे. तिथे इतका खडखडाट असतो की बाकीचे कामगार एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतात. सिद्धरामना त्याचा काही त्रास नव्हता. संध्याकाळी ते घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि ईरम्मासमोर बसून हातांनी बोलायला लागायचे.

मित्रांनो, त्या घरात बोलणं दिसायचं. बोटं, मनगटं, भुवया, खांदे, सगळं बोलायचं. कुणाला हाक मारायची असली तर खांद्यावर थाप मारायची किंवा दिवा एकदा बंद करून चालू करायचा. वीज गेली की बोलणं वाक्याच्या मधेच थांबायचं आणि मेणबत्ती सापडली की तिथूनच पुढे सुरू व्हायचं. शिवलीलाला ऐकू यायचं. ती घरात हातांनी आणि बाहेर तोंडाने बोलायची, आणि दोन्हीकडे तितकीच भांडायची.

माझा आवाज तिथे शिवलीलाशिवाय कुणाला लागत नव्हता. एकदा शिवलीला शाळेत गेली असताना ईरम्माच्या हातून रिमोटचं बटण बराच वेळ दाबलं गेलं. माझ्यावर कुस्त्या चालल्या होत्या. हलगी अशी कडाडू लागली की खिडकीची काच थरथरली. शेजारची धनलक्ष्मी विड्या वळता वळता सूप खाली टाकून धावत आली.

"अय्यो! आवाज कमी करा की! डोकं फुटायला लागलंय!"

ईरम्माने तिच्याकडे पाहून हसून हात जोडले आणि तिला बसायला पाट दिला. धनलक्ष्मी कपाळाला हात लावून उभी राहिली. मग तिनेच रिमोट घेऊन माझा आवाज बंद केला आणि पाटावर बसून पाणी प्याली. त्या दिवसापासून तिचं येणं-जाणं वाढलं. जेवण, चहा, पाणी, ये, बस, एवढ्या खुणा ती शिकली. त्याच्या पुढे तिचं शिक्षण गेलं नाही.

काही वर्षं अशीच गेली. शिवलीला मोठी झाली. तिने प्रयोगशाळेतलं काम शिकून घेतलं आणि तिला पुण्यात रक्ततपासणीच्या ठिकाणी नोकरी लागली. ती गेल्यावर सिद्धराम रोज संध्याकाळी तिला व्हिडिओ कॉल करायचे. ते फोन धरायचे आणि ईरम्मा बोलायची. मग ईरम्मा फोन धरायची आणि ते बोलायचे. मी तेव्हा बंद असायचो.

या वर्षीच्या उन्हाळ्यात एका दुपारी सिद्धराम कारखान्यात मागाशेजारी छाती धरून खाली बसले आणि गेले. दोन कामगार ते सांगायला आले. त्यांना ईरम्माशी कसं बोलायचं ते कळेना, म्हणून त्यांनी धनलक्ष्मीला बोलावलं. तिला या गोष्टीची खूण येत नव्हती. तिने ईरम्माच्या खांद्यावर हात ठेवला, सिद्धरामच्या शर्टाकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून डोळे मिटले आणि मान कलती केली.

ईरम्माने हातांनी विचारलं, "झोपलेत?"

धनलक्ष्मीने मान हलवून नाही म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं. तेव्हा माझ्यावर स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू होता. कुणीतरी कांदा चिरत होतं. मला बंद करायचं कुणाला सुचलं नाही, आणि तो कार्यक्रम संपून दुसरा लागला.

शिवलीला आली. नातेवाईक आले. कार्य उरकलं, माणसं पांगली. शिवलीला अजून काही दिवस राहिली, पण रजा संपली तेव्हा तिला जावं लागलं. "माझ्याबरोबर पुण्याला चल," असं ती रोज म्हणायची. ईरम्मा उत्तर द्यायची नाही. तिचे हात मांडीवर असायचे. एकावर एक ठेवलेले, घडी घातलेल्या कपड्यासारखे. त्या दिवसापासून त्या हातांनी कुणाशी काही बोलल्याचं मी पाहिलं नाही. ती रडलीही नाही.

ती सकाळी मला चालू करायची आणि माझ्यासमोर बसायची. मी काय दाखवतो याच्याशी तिला घेणं नव्हतं. बातम्या, जाहिराती, लहान मुलांची चित्रं, सगळं सारखंच. हळूहळू तिची खुर्ची पुढे येऊ लागली. आधी ती पलंगापाशी असायची. मग खोलीच्या मधोमध आली. मग इतकी जवळ आली की तिच्या श्वासाची वाफ माझ्या काचेवर धरायची. तिला माझी सोबत वाटत असेल, अशी माझी समजूत झाली. मी तरी दुसरं काय समजणार?

शिवलीलाचा फोन रोज संध्याकाळी यायचा. तो थरथरून उजळला की ईरम्मा उचलायची, थोडा वेळ बघायची आणि खाली ठेवायची. पुढे ती तो पालथा घालायला लागली. धनलक्ष्मी दोन वेळा येऊन ताट ठेवून जायची आणि जिन्यात इतर बायकांना सांगायची, "बिचारीनं धसका घेतलाय. कशातच मन न्हाई तिचं." सगळ्यांना ते पटलं होतं.

एका रविवारी धनलक्ष्मी तिच्या स्वतःच्या फोनवर बोलत खोलीत आली. पलीकडे शिवलीला होती. फोनचा आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे मला दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

"शिवू, तुझी अव्वा फोनकडं बघतच न्हाई गं. आत्ता बी पालथा पडलाय."

"अक्का, माझ्यावर रागावली आहे का ती?"

"मला काय कळतंय? ती कुणाशी बोलते तवा कळंल!"

"ती समोर काय करते आहे?"

"काय करणार? टीव्ही बघत बसलीय."

शिवलीला म्हणाली, "अक्का, मला त्या टीव्हीवर लाव."

"तुला? टीव्हीवर?"

"अव्वाच्या फोनवर जे दिसतं, ते टीव्हीवर मोठं दिसतं. मी सांगते तसं कर. रिमोटवर घराचं चित्र आहे ना, ते बटण दाब."

"दाबलं. लई चौकोन आले."

"त्यात स्क्रीन मिररिंग असं लिहिलेलं शोध."

"मला इंग्रजी वाचता येत न्हाई, शिवू. चित्र सांग."

"टीव्हीचं चित्र, आणि त्याच्या कोपऱ्यात वाकड्या रेघा. सापडलं? आता अव्वाचा फोन घे आणि वरून खाली बोट ओढ. तिथेही तसंच चित्र असेल."

धनलक्ष्मीने पालथा फोन उचलला. ईरम्माने तिच्याकडे पाहिलंही नाही. माझ्यावर प्रश्न आला, हा फोन जोडू का? धनलक्ष्मीने घाबरून नको म्हणणारं बटण दाबलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून झालं. दुसऱ्या वेळी फोन जोडला गेला.

मित्रांनो, फोन जोडला की त्याच्यावर जे असेल ते सगळं माझ्यावर येतं. ईरम्माच्या फोनवर शिवलीलाने सिद्धरामचा फोटो लावून ठेवला होता. मी काळा झालो, आणि मग सिद्धराम माझ्यावर आले. मोठे, पांढऱ्या शर्टातले, सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभे असलेले. त्यांच्या कपाळावर घड्याळ होतं आणि गालांवर फोनमधली छोटी छोटी चित्रं होती.

धनलक्ष्मीने तोंडाला पदर लावला. ईरम्मा बघत राहिली. मग तिने मान खाली घातली.

"अक्का, काय झालं? लागला का?" शिवलीला विचारत होती.

"लागला," धनलक्ष्मी म्हणाली. "तू लवकर ये बाई."

मग शिवलीलाने ईरम्माच्या फोनवर व्हिडिओ कॉल केला आणि धनलक्ष्मीने तो घेतला. शिवलीला माझ्यावर आली, पण मधल्या एका अरुंद पट्टीत. दोन्ही बाजूंना काळं. "फोन आडवा कर," ती म्हणाली. धनलक्ष्मीने स्टूल ओढलं, त्यावर पोह्यांचा डबा ठेवला आणि डब्याला टेकवून फोन आडवा उभा केला. शिवलीलानेही तिकडे आपला फोन आडवा केला. आता ती माझ्या या कडेपासून त्या कडेपर्यंत होती. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत ईरम्मा स्वतः दिसत होती, मांडीवर हात ठेवून बसलेली.

ईरम्माने वर पाहिलं. ती उठली आणि माझ्या अगदी जवळ आली.

शिवलीलाने डाव्या हाताने विचारलं, "जेवलीस?" तिचा उजवा हात पाठीमागे होता. "औषध घेतलंस?" तेही डाव्या हातानेच. एका हाताचं बोलणं म्हणजे अर्धं बोलणं. शब्द ओळखू येतात, पण त्यातली माया, चेष्टा, राग, सगळं गळून जातं. फोनवर ती कित्येक दिवस अशीच बोलत होती. एका हातात फोन धरलेला असतो, तेव्हा त्यात वावगं काही दिसत नाही. आता मात्र तिचा फोन टेबलावर होता आणि तिचा एक हात उगीच पाठीमागे होता.

ईरम्माच्या मांडीवरून उठलेले हात अजून खालीच लोंबत होते. मग उजवा हात वर आला. त्याने डाव्या हातावर थाप मारली.

"दुसरा हात?"

शिवलीला हसली. "आहे की."

"दाखव."

"अव्वा, तू जेवलीस का ते सांग."

"दुसरा हात दाखव!" ईरम्माचे दोन्ही हात आता हवेत होते आणि तिची बोटं काचेवर आपटत होती.

शिवलीलाने हात पुढे आणला. मधली दोन बोटं प्लास्टरमध्ये होती. धनलक्ष्मीच्या तोंडून "अय्यो देवा" असं निघालं.

"कधी?"

"तीन आठवडे झाले. स्कूटरवरून पडले. आता दुखत नाही."

"मला का सांगितलं नाहीस?"

शिवलीलाचा चेहरा बदलला. तिने प्लास्टरमधला हातही वर आणला आणि दोन्ही हातांनी, वेडंवाकडं, जमेल तसं ती बोलली. "कशी सांगणार? तू बघतच नव्हतीस. मी रोज फोन करते, तू बघत नाहीस."

ईरम्माने मान हलवली. तिने आपल्या डोळ्यांकडे बोट केलं.

"बघत होते. दिसत नव्हतं."

इंटरनेट मंद झालं आणि शिवलीलाचे हात काही क्षण चौकोन-चौकोन होऊन हवेत थांबले. चित्र पुन्हा चालू झालं तेव्हा ती रडत होती.

"कधीपासून?"

"वर्ष झालं. आधी थोडं. मग जास्त. फोनमध्ये तुझे हात धुरासारखे दिसतात. आज दिसले."

सगळ्यांनी ज्याला दुःख म्हटलं होतं, त्यात अर्धा वाटा मोतीबिंदूचा होता, मित्रांनो. तिला नीट दिसत नाही, हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धनलक्ष्मी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. पण ईरम्मा तयार होईना. संध्याकाळी शिवलीला माझ्यावर आली तेव्हा तिने कारण सांगितलं.

"उजव्या डोळ्यानं थोडं तरी दिसतं. त्यालाच पट्टी बांधणार. कानाला ऐकू येत नाही, आणि दिसणारही नाही. मग माझ्याशी कोण बोलणार? कसं बोलणार? अंधारात मी एकटी."

शिवलीलाने आपले हात उघडून दाखवले. मग म्हणाली, "मी तुझ्या हातात बोलेन."

"तुझा हात मोडलाय."

"प्लास्टर येत्या आठवड्यात निघेल. तोपर्यंत थांबू. मी येते."

ती आली. प्लास्टर निघालं होतं, पण बोटं अजून ताठ होती. दोघी सकाळी कुलूप लावून गेल्या. दिवसभर मी बंद होतो आणि खोलीत कुणी नव्हतं. दवाखान्यात काय झालं ते मला माहीत नाही. संध्याकाळी त्या आल्या तेव्हा ईरम्माच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती आणि ती शिवलीलाच्या दंडाला धरून चाचपडत चालत होती. दोघी पलंगावर बसल्या. शिवलीलाने आईचे दोन्ही हात आपल्या हातांवर ठेवून घेतले आणि ती बोलू लागली. ईरम्मा तिच्या बोटांवरून बोटं फिरवून ते बोलणं वाचत होती. ताठ बोटांचं बोलणं तिला मधेच कळत नव्हतं. तेव्हा ती हात दाबायची आणि शिवलीला पुन्हा सांगायची.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर ईरम्मा माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने माझ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात बिघाडाने पडलेल्या उभ्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे काय झालं?"

"वर्ष झालं त्याला," शिवलीला म्हणाली.

"टीव्हीवर केवढी धूळ आहे!" ईरम्मा म्हणाली आणि ओलं फडकं घेऊन आली. शिवलीलाने ते काढून घेतलं आणि कोरडं दिलं.

शिवलीला पुण्याला परत गेली. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. आता संध्याकाळी धनलक्ष्मी फोन जोडून देते आणि पलंगावर बसून, न कळणारं बोलणं बघत राहते. ईरम्माची खुर्ची पुन्हा पलंगापाशी गेली आहे. ती जेवते. पूर्वीसारखी झाली आहे असं मात्र मी म्हणणार नाही. पुष्कळदा बोलता बोलता तिचे हात मधेच मांडीवर पडतात, आणि शिवलीला वाट बघते.

परवा तसंच झालं. बऱ्याच वेळाने ईरम्माचे हात उठले.

"त्या दिवशी सकाळी," ती म्हणाली, "मी चुलीपाशी होते. अप्पा दारात उभे राहिले. काहीतरी म्हणाले. मला हात हललेले दिसले, शब्द दिसले नाहीत. त्यांना उशीर होत होता. मी समजल्यासारखी मान हलवली. ते गेले."

ईरम्माने शिवलीलाकडे पाहिलं.

"काय म्हणाले असतील?"

"माहीत नाही, अव्वा."

मग ईरम्मा रडली. सिद्धराम गेल्यापासून पहिल्यांदा. धनलक्ष्मी उठून तिच्याजवळ गेली. शिवलीला माझ्यावर होती, दोन्ही हात पुढे करून, आणि तिला तिथून बाहेर येता येत नव्हतं.

मित्रांनो, मी त्या दाराच्या अगदी समोर आहे. त्या सकाळी मी पाहिलं होतं. सिद्धराम चप्पल घालून म्हणाले होते, "येताना भाजी मी आणतो, तू उन्हात जाऊ नकोस." एवढंच. पण माझ्यावर जे पाठवलं जातं, तेवढंच मला दाखवता येतं. माझ्यासमोर जे घडतं, ते दाखवता येत नाही.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. घरात कुणी तुमच्याकडे बघत नसेल, तर रागावण्याआधी त्याला दिसतं का, ते विचारा. आणि तुम्हाला कुणाचं बोलणं दिसलं नाही, ऐकू आलं नाही, समजलं नाही, तर उगीच मान हलवू नका. कितीही घाई असली तरी त्याला दारात थांबवा आणि म्हणा, "पुन्हा सांग."